घरच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस आणि स्पायवेअर: लोकं पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय, कारण विचारणाऱ्या बहुतेकांच्या घरी तेच असतं. लागण झालीये आणि घाईत आहात तर थेट प्रश्न ५ वर जा. फायलींची नावं बदलून त्या उघडेनाशा झाल्या असतील तर आधी प्रश्न १३ वाचा, मगच काय ते करा.

१. व्हायरस, मालवेअर, स्पायवेअर, ट्रोजन हे सगळं एकच का?

बोलताना आपण सगळ्यालाच व्हायरस म्हणतो, त्याने काही बिघडत नाही. मालवेअर म्हणजे तुमच्या नुकसानीसाठी लिहिलेलं कुठलंही सॉफ्टवेअर. त्यातलं गुपचूप बघत बसणारं, टाइप केलेलं नोंदवणारं, ब्राउझरमधले पासवर्ड उचलणारं ते स्पायवेअर. कामाचं सॉफ्टवेअर असल्याचं सोंग घेऊन येतं ते ट्रोजन, जाहिराती दाखवून डोकं खातं ते अ‍ॅडवेअर, आणि फायलींना कुलूप लावून पैसे मागतं ते रॅन्समवेअर. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, जुन्या काळी व्हायरस आला की कळायचं, स्क्रीनवर काहीतरी नाचायचं नाहीतर कॉम्प्युटर बंद पडायचा. आता सगळ्यात जास्त नुकसान करणारं मालवेअर, ज्याला स्टीलर म्हणतात, ते पाच-दहा मिनिटांत पासवर्ड घेऊन पसार होतं आणि बऱ्याचदा स्वतःला पुसूनही टाकतं. म्हणजे तुम्ही स्कॅन करता तेव्हा कॉम्प्युटर स्वच्छ दिसतो आणि दोन दिवसांनी इन्स्टाग्राम दुसऱ्याच्या ताब्यात असतं.

२. कॉम्प्युटर खूप स्लो झालाय, व्हायरसच असणार ना?

बहुतेक वेळा नाही. चार जीबी रॅम आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर आजचं विंडोज रडतच चालतं, त्याला एसएसडी टाकणं हाच उपाय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि कोण किती खातंय ते बघा. "अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल" दिसलं तर घाबरू नका, तो विंडोजचाच डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस आहे, स्कॅन चालू असेल.

संशय घ्यायचा तो यावर: डिफेंडर आपोआप बंद झालाय आणि चालूच होत नाही, अँटीव्हायरसच्या साइट तेवढ्या उघडत नाहीत, ब्राउझरमध्ये तुम्ही न टाकलेलं एक्स्टेंशन आहे, ओळखीचे लोक सांगतायत की तुझ्याकडून विचित्र लिंक आली. अजून एक, काहीच चालू नसताना पंखा जोरात फिरतोय आणि टास्क मॅनेजर उघडला की दोन सेकंदात शांत होतोय, तर आत कोणीतरी क्रिप्टो मायनर, म्हणजे तुमच्या मशीनवर गुपचूप क्रिप्टो नाणी कमावणारा प्रोग्रॅम, बसवलाय अशी दाट शक्यता आहे. ही प्रोग्रॅमं टास्क मॅनेजरवर नजर ठेवून असतात.

३. उजव्या कोपऱ्यात सारखं "तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले, लायसन्स संपलंय" असं येतंय. स्कॅन केलं तर काहीच सापडत नाही!!

सापडणार नाही, कारण ते मालवेअरच नाही. कधीतरी सिनेमा किंवा क्रिकेट मॅच फुकट बघायच्या साइटवर "अलाउ दाबा" असं आलं आणि तुम्ही किंवा घरातल्या कोणीतरी दाबलं, तेव्हापासून त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा आणि अनोळखी नावं सगळी काढून टाका. एजमध्येही अशीच यादी आहे. त्याच पानावर साइट्सना परवानगी मागूच देऊ नका असाही पर्याय आहे, घरच्या मोठ्या माणसांच्या कॉम्प्युटरवर तो लावूनच टाका. तोपर्यंत त्या नोटिफिकेशनवर क्लिक करू नका, कारण पुढे खरोखरचं काहीतरी डाउनलोड करायला लावतात.

पूर्ण स्क्रीन अडवून, भोंगा वाजवून "या नंबरवर फोन करा" म्हणणारं पान हा त्याचाच मोठा भाऊ. एस्केप थोडा वेळ दाबून धरा, नाहीच गेलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. फोन केलाच असेल तर प्रश्न १२ बघा.

४. अँटीव्हायरस विकत घ्यायलाच पाहिजे का? डिफेंडर पुरतो का?

घरच्या वापराला डिफेंडर पुरतो, अट एवढीच की तो चालू हवा आणि विंडोज अपडेट होत असायला हवं. विंडोज ८ पासून तो आतच येतो. विंडोज सिक्युरिटी उघडून टॅम्पर प्रोटेक्शन ऑन आहे का तेवढं बघून ठेवा, ते ऑन असलं की मालवेअरला डिफेंडर परस्पर बंद करणं अवघड जातं.

विकतचा घ्यायचा असेल तर जरूर घ्या, त्यात वाईट काही नाही. आपल्या पुण्याचं क्विक हील आहे, काटकर बंधूंनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभं केलेलं, अजून कितीतरी आहेत. फक्त दोन अँटीव्हायरस एकत्र चालवू नका, एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन स्लो होतं ते वेगळंच. दुसरा टाकला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो. मात्र त्या दुसऱ्याची वर्षाची मुदत संपलीये आणि तो तसाच पडून आहे हा प्रकार घराघरात दिसतो. रिन्यू करायचा नसेल तर अनइन्स्टॉल करा, डिफेंडर परत कामाला लागेल, आणि लागलाय याची एकदा खात्री करा. आणि क्रॅक केलेला अँटीव्हायरस टाकणाऱ्यांना काय बोलायचं, कुलूपच चोराकडून घेतल्यासारखं आहे ते.

५. लागण झालीये हे जवळपास नक्की आहे, पहिलं काय करू?

पहिलं म्हणजे नेट बंद करा. वायफाय बंद, केबल असेल तर ओढून काढा. चोरलेलं बाहेर जायला आणि आतलं वाढायला दोन्हीला नेट लागतं.

दुसरं, त्या कॉम्प्युटरवर आता कुठलाही पासवर्ड टाइप करायचा नाही, नेटबँकिंग तर अजिबात नाही. पासवर्ड बदलायचे ते फोनवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून, आणि आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचा "फरगॉट पासवर्ड" तिथेच येतो. मग बँक, मग सोशल मीडिया. लोकं नेमकं उलटं करतात, घाबरून त्याच कॉम्प्युटरवर बसून सगळे पासवर्ड बदलतात आणि नवे पासवर्ड पण चोराला देऊन बसतात.

तिसरं, बॅकअपची हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह त्याला आत्ता लावू नका.

खात्यातून पैसे गेले असतील तर हे सगळं राहू दे बाजूला, आधी १९३० ला फोन लावा आणि बँकेला कळवा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत कळवलं तर अडवता येण्याची शक्यता असते, उशीर केला तर ती कमी कमी होत जाते. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते.

एवढं झालं की प्रश्न ६.

६. स्कॅन कशाने आणि कुठल्या क्रमाने करायचं? एकाने एक सांगितलं दुसऱ्याने दुसरं.

क्रम असा ठेवा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी उघडून ती तारखेप्रमाणे लावा आणि त्रास सुरू झाला त्या सुमाराला आलेलं, तुम्ही न टाकलेलं जे असेल ते अनइन्स्टॉल करा. "ड्रायव्हर अपडेटर", "पीसी क्लीनर", "पीडीएफ कन्व्हर्टर", अशा नावांची गर्दी असते तिथे.

मग नेट थोडा वेळ चालू करून डिफेंडरच्या व्याख्या, म्हणजे मालवेअर ओळखायची त्याची यादी, अपडेट करा आणि फुल स्कॅन लावा. याला काही तास लागू शकतात, रात्री लावून झोपा. त्यानंतर त्याच स्कॅन ऑप्शन्समध्ये सगळ्यात खाली ऑफलाइन स्कॅन आहे, तो बरेच जण वापरतच नाहीत आणि खरा दम त्याच्यात आहे. कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो आणि विंडोज उठायच्या आधीच स्कॅन होतं, म्हणजे विंडोज चालू असताना लपून बसणाऱ्यांना लपायला वेळच मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. आधी उघड्या फायली सेव्ह करून ठेवा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी असू द्या.

यानंतर दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्सचं फुकट व्हर्जन. टाकल्यावर ते पैसे भरायच्या व्हर्जनची ट्रायल चालू करतं, ती नको असेल तर बंद करता येते, हाताने स्कॅन करायला फुकटच आहे. ब्राउझरमधला कचरा जास्त असेल तर त्यांचंच अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर. सरकारी पाहिजे तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे, तिथे भारतीय अँटीव्हायरस कंपन्यांची सफाईची टूल फुकट मिळतात.

एक जागा हमखास विसरली जाते. डिफेंडरच्या सेटिंगमध्ये एक्स्क्लूजन्सची यादी बघा. मालवेअर तिथे स्वतःचं फोल्डर, कधी कधी तर अख्खा सी ड्राइव्ह घालून ठेवतं, म्हणजे डिफेंडरला सांगून ठेवलेलं असतं की इकडे बघूच नको. तुम्ही घातलेलं नसेल ते काढा आणि फुल स्कॅन परत लावा.

डिफेंडर उघडतच नसेल तर शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करा, ट्रबलशूटमधून सेफ मोडमध्ये जा. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर उतरवून पेनड्राइव्हवर आणा आणि सेफ मोडमध्ये चालवा. त्याची मुदत डाउनलोड केल्यापासून १० दिवसच असते, म्हणून मागच्या वर्षीचा जपून ठेवलेला चालणार नाही. आणि त्या पेनड्राइव्हवर दुसरं काही ठेवू नका, काम झालं की फॉरमॅट करा.

७. क्रोम उघडलं की गूगलच्या ऐवजी भलतंच सर्च येतं. होमपेज बदललं तरी परत तेच.

एक्स्टेंशन्स बघा आधी. कुपन, व्हिडिओ डाउनलोडर, फुकटचा व्हीपीएन, यातलं एखादं निघतं. ते काढा, मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये रीसेट आहे ते करा, बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत.

तरीही परत येत असेल तर डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि टार्गेटच्या ओळीत शेवटी कुठल्या साइटचा पत्ता चिकटवलाय का बघा, असेल तर तो शॉर्टकट उडवून नवा बनवा. आणि सिंक चालू असेल तर कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तेच एक्स्टेंशन परत येत असतं, म्हणून दोन्हीकडे साफ करावं लागतं. एक्स्टेंशनला रिमूव्ह बटणच नसेल तर प्रश्न १८.

८. झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फायलींचे शॉर्टकट झाले. फायली गेल्या का?

नाही गेल्या, तिथेच आहेत, लपवल्यात. तो शॉर्टकट मात्र उघडू नका, कारण तो उघडला की फोल्डर तर दिसतं पण मागे वर्म (स्वतःच पसरणारं मालवेअर) तुमच्या कॉम्प्युटरवर चालू होतं, सगळी मेख तिथेच आहे.

फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमधून लपलेल्या फायली दाखवायला सांगा. तेवढ्याने दिसलं नाही तर फोल्डर ऑप्शन्समध्ये सिस्टिम फायली लपवा अशी एक खूण असते ती काढा. आता बहुतेकदा नाव नसलेलं, नुसता फोल्डरचा आयकॉन असलेलं एक फोल्डर दिसेल, त्यात तुमचं सगळं असतं. त्यातले फोटो आणि डॉक्युमेंट तेवढे कॉपी करून घ्या. स्क्रिप्ट, शॉर्टकट, अनोळखी प्रोग्रॅम यांना हात लावू नका. मग पेनड्राइव्ह फॉरमॅट. शॉर्टकट एकदा उघडलेला असेल तर कॉम्प्युटरचंही प्रश्न ६ प्रमाणे करा, नाहीतर पेनड्राइव्ह साफ केला की परत लगेच भरतो.

पेनड्राइव्ह लावला की आपोआप प्रोग्रॅम चालू व्हायचा तो काळ गेला, विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बंद केलं आणि २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही अपडेट दिलं. म्हणून तर हा शॉर्टकटचा मार्ग निघाला, आता क्लिक तुमच्याकडून करून घेतात. प्रिंटला जाताना पेनड्राइव्ह नेण्यापेक्षा पीडीएफ मेलवर पाठवलेली बरी.

९. डिफेंडर सारखं "हॅकटूल ऑटोकेएमएस" दाखवतोय. कॉम्प्युटरवाला म्हणाला ते नॉर्मल आहे, इग्नोर करा. खरं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर कोणाला आवडत नाही.

ऑटोकेएमएस म्हणजे विंडोज किंवा ऑफिस पैसे न भरता अ‍ॅक्टिव्हेट करायचं टूल. ते टूल स्वतः तुमचे पासवर्ड चोरेलच असं नाही, त्या अर्थाने कॉम्प्युटरवाला अर्धं खरं बोलतोय. पण ते टाकताना काय करावं लागतं ते बघा. अँटीव्हायरस बंद करा, अ‍ॅडमिन म्हणून चालवा, एक्स्क्लूजन घाला. एवढं सगळं उघडून दिल्यावर त्याच पाकिटात अजून काय आलं हे तुम्हाला, त्या कॉम्प्युटरवाल्याला आणि त्याला ज्याने पेनड्राइव्ह दिला त्याला, कोणालाच माहीत नसतं. स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर घरच्या लोकांमध्ये पसरलं ते मुख्यतः अशाच क्रॅक आणि कीजेनमधून (खोट्या लायसन्स की बनवणारी टूल), आणि जाता जाता पासवर्ड चोरणारा स्टीलरही सोडून जायचं. फोटोशॉप, टॅली, मराठी डीटीपीची सॉफ्टवेअरं, गेम, सगळ्यांच्या क्रॅकला हेच लागू.

झिपला पासवर्ड लावलाय आणि पासवर्ड खाली लिहिलाय, असं असेल तर समजून जा, तो पासवर्ड अँटीव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून असतो.

आणि गंमत म्हणजे बऱ्याच जणांना याची गरजच नसते. लॅपटॉप विंडोजसकट घेतला असेल तर त्याची की मदरबोर्डमध्येच असते, स्वच्छ विंडोज टाकून नेटला जोडलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं, फक्त होम असेल तर होमच टाकायचं. असेंबल केलेल्या मशीनला लायसन्स नसेल तर अ‍ॅक्टिव्हेट न करता वापरलं तरी चालतं असं नाही म्हणणार मी, नियमात ते बसत नाही, पण सिक्युरिटी अपडेट त्यालाही येतात, वॉटरमार्क दिसतो आणि वॉलपेपर सेटिंगमधून बदलता येत नाही एवढंच. ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस फुकट आहे. मराठी टायपिंगसाठी तर काहीच शोधू नका, विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, लँग्वेज सेटिंगमधून मराठी घातली की मिळतो.

१०. "मी रोबोट नाही" सिद्ध करायला विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग पेस्ट करा असं आलं. मी केलं. काही झालं का?

हो, झालं. नेट बंद करा आणि प्रश्न ५ पासून सुरू करा, आत्ता.

त्या पानाने तुमच्या क्लिपबोर्डमध्ये आधीच एक कमांड टाकून ठेवली होती, आणि विंडोज व आर दाबून ती तुमच्याच हाताने चालवून घेतली. याला क्लिकफिक्स म्हणतात, २०२४ पासून भयंकर पसरलंय, कारण फाइल डाउनलोडच होत नाही त्यामुळे नेहमीचा इशारा पण येत नाही. बहुतेकदा यातून स्टीलर येतो. लुमा नावाच्या अशाच एका स्टीलरचं जाळं मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि पोलिस यंत्रणांनी मिळून तोडलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांगितलेला आकडा दोन महिन्यांत ३,९४,००० च्या वर विंडोज कॉम्प्युटर असा होता. खरा कॅपचा चित्रं ओळखायला सांगेल, खूण करायला सांगेल, कीबोर्डवर कमांड चालवायला कधीच सांगणार नाही.

११. स्कॅन केलं, सापडलं ते काढलं. आता पासवर्ड बदलायची काय गरज? आणि माझ्याकडे ओटीपी लावलेला होता तरी अकाउंट कसं गेलं?

मालवेअर काढलं म्हणजे पुढची चोरी थांबली, झालेली चोरी परत येत नाही.

ओटीपीचं असं की तुम्ही एकदा लॉगिन केलं की साइट ब्राउझरमध्ये एक कुकी ठेवते, म्हणून तर रोज रोज ओटीपी मागत नाही. स्टीलर पासवर्डबरोबर त्या कुकीज पण उचलतो आणि दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये ठेवल्या की साइटला वाटतं तुम्हीच आलात. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, प्रत्येक ठिकाणी "सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट" शोधून ते पण करायचं. गूगलमध्ये सिक्युरिटीखाली तुमची डिव्हाइस दिसतात, अनोळखी काढून टाका. रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना तेही बघा, आणि जीमेलमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टरमध्ये कोणी काही घालून ठेवलं नाही ना ते नक्की बघा, तिथे बसून महिनोन्‌महिने मेल वाचणारे असतात. टू-स्टेप काढून टाकू नका, बाकी शंभर प्रकारच्या चोऱ्या त्यानेच अडतात.

ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड गेले असंच धरून चाला. डेस्कटॉपवर "पासवर्ड" नावाची नोटपॅड फाइल असेल तर तीही. आधार-पॅनचे फोटो असतील तर पुढचे काही महिने बँकेच्या मेसेजवर आणि क्रेडिट रिपोर्टवर लक्ष ठेवा.

१२. बँकेतून म्हणून फोन आला, एनीडेस्क टाकायला लावलं. लगेच बंद केलं, आता काय?

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही दुसरीकडून तुमचा कॉम्प्युटर चालवायची चांगलीच सॉफ्टवेअर आहेत, म्हणून अँटीव्हायरस अडवत नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच याबद्दल बँकांना सावध केलं होतं. तुम्ही कोड सांगून कनेक्शन दिलंच नसेल तर अनइन्स्टॉल करा, विषय संपला. दिलं असेल तर नेट तोडा, अनइन्स्टॉल करा, आणि कनेक्शन असताना त्याने मागच्या मागे दुसरं काही टाकलं का ते बघायला प्रश्न ६ पूर्ण करा. बँकेला फोन करताना कार्डाच्या मागचा नंबर वापरा, गूगलवर सापडलेला नको, तिथे खोटे कस्टमर केअर नंबर भरपूर आहेत.

१३. सगळ्या फोटोंच्या नावापुढे विचित्र अक्षरं लागलीत, उघडत नाहीत, आणि एका टेक्स्ट फायलीत पैसे मागितलेत.

रॅन्समवेअर. नेट तोडा, बाहेरच्या डिस्क काढा, आणि काहीही डिलीट करू नका, ती पैसे मागणारी फाइलसुद्धा नाही.

ती टेक्स्ट फाइल आणि एक बिघडलेली फाइल घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवरून "नो मोअर रॅन्सम"च्या साइटवर जा. डच पोलिस, युरोपोल आणि दोन अँटीव्हायरस कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे, कुठलं रॅन्समवेअर आहे ते ओळखून देतो आणि किल्ली उपलब्ध असेल तर टूल फुकट देतो. स्टॉप-डीजेव्हीयू असेल तर त्या टेक्स्ट फायलीतला तुमचा पर्सनल आयडी बघा. शेवटी इंग्रजी टी आणि १ असेल तर ऑफलाइन किल्ली वापरली गेलीये, एमसीसॉफ्टच्या टूलने फायली सुटण्याची आशा आहे, आज नाही तर किल्ली सापडल्यावर. तसं नसेल तर प्रत्येकाची किल्ली वेगळी असते आणि सध्या तरी मार्ग नाही. त्या फायली एका डिस्कवर काढून जपून ठेवा, काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या वर्षांनंतर बाहेर आल्यात.

पैसे द्यायचे का? देऊ नका. देऊनही किल्ली न मिळालेले आहेत, आणि "१०० टक्के फाइल रिकव्हर करून देतो" म्हणणारे दुकानदार बऱ्याचदा मधल्या मध्ये त्याच चोराला पैसे देऊन आपलं कमिशन कापतात. कॉम्प्युटरमधलं रॅन्समवेअर आधी काढा, नाहीतर सोडवलेल्या फायली परत बंद होतील.

१४. मग बॅकअप कसा ठेवायचा? गूगल ड्राइव्हवर आहे माझं सगळं.

कायम जोडलेली हार्ड डिस्क हा बॅकअप नाही, रॅन्समवेअर तिला पण कुलूप लावतं. सिंक होणाऱ्या ड्राइव्हवर बिघडलेली फाइल पण इमानदारीत सिंक होते, पण तिथे जुनी आवृत्ती काही दिवस मिळते, गूगल ड्राइव्ह साधारण ३० दिवस ठेवतो, त्यामुळे वेळेत लक्षात आलं तर वाचता. फोटो आणि कागदपत्रं एका बाहेरच्या डिस्कवर महिन्यातून एकदा घ्यायची आणि डिस्क काढून कपाटात ठेवायची, घरासाठी एवढं बास.

१५. सरळ फॉरमॅट मारलेला बरा का?

स्टीलर, रॅन्समवेअर, किंवा कोणी रिमोटने आत आलं होतं, तर हो, मनाला शांतता पाहिजे असेल तर तोच मार्ग. नुसत्या अ‍ॅडवेअरसाठी आणि प्रश्न ३ साठी गरज नाही.

सेटिंग्जमध्ये रिकव्हरीत रीसेट धिस पीसी आहे, त्यात "रिमूव्ह एव्हरीथिंग" आणि "क्लाउड डाउनलोड" निवडा, साधारण चार जीबी डेटा लागतो. त्याहून पक्कं हवं असेल तर दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज बनवा. आधी लायसन्स, वायफायचा पासवर्ड, टॅलीचा डेटा, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर कुठून मिळेल, हे सगळं लिहून ठेवा.

दुकानात देणार असाल तर एक स्पष्ट सांगा, "ओरिजिनल विंडोज टाका, अ‍ॅक्टिव्हेटर नको, वरची सॉफ्टवेअरं नकोत." नाहीतर पाचशे रुपये देऊन स्वच्छ केलेल्या मशीनवर तोच जुना पेनड्राइव्ह फिरतो, ऑफिस, फोटोशॉप सगळं "फ्री"मध्ये येतं, आणि सहा महिन्यांनी तुम्ही परत प्रश्न ९ विचारता.

१६. फॉरमॅट मारला तरी व्हायरस परत आला! बायोसमध्ये गेलाय का?

बायोसमधलं (विंडोजच्या आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) मालवेअर खरंच असतं, पण घरच्या कॉम्प्युटरवर ते दिसणं फार दुर्मीळ. परत येण्याची साधी कारणं: फॉरमॅट फक्त सी ड्राइव्हचा केला आणि डीमधला जुना सेटअप परत चालवला, बॅकअपमधून क्रॅक परत आणला, पेनड्राइव्ह साफ केला नव्हता, क्रोम सिंकने एक्स्टेंशन परत आणलं, किंवा घरातला दुसरा कॉम्प्युटर बाधित आहे. डीमधून फोटो, व्हिडिओ, पीडीएफ, एक्सेल घ्या, प्रोग्रॅम आणि सेटअप एकही नको, ते मूळ कंपनीच्या साइटवरून नव्याने उतरवा.

१७. विंडोज ७ / १० अजून छान चालतंय, बदलायलाच हवं का?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्टने घरच्या वापरासाठी एक वर्ष वाढीव अपडेट देऊ केलेत, विंडोज अपडेटमध्ये नावनोंदणी करावी लागते, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. डिफेंडरच्या व्याख्या २०२८ पर्यंत येत राहतील, पण व्याख्या येणं म्हणजे विंडोजची भोकं बुजणं नाही. २०१७ चं वानाक्राय आठवत असेल, त्याचा पॅच दोन महिने आधीच आला होता, ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते अडकले.

विंडोज ७ वर नेट वापरू नका. क्रोमसुद्धा २०२३ च्या सुरुवातीपासून त्यावर अपडेट होत नाही. मशीन ११ ला चालत नसेल आणि काम फक्त ब्राउझरमध्येच असेल तर लिनक्स मिंट टाकून बघा.

१८. क्रोममध्ये "मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन" लिहिलंय. माझी कुठली ऑर्गनायझेशन?? एक्स्टेंशन पण निघत नाही.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ते बरोबरच आहे, छेडू नका. घरच्या मशीनवर असेल तर कोणीतरी क्रोमच्या पॉलिसी, म्हणजे क्रोमला वरून घालून दिलेले नियम, बदलल्यात. काही अँटीव्हायरस पण हे करतात, म्हणून आधी क्रोमच्या पॉलिसीच्या पानावर काय लिहिलंय ते वाचा. एक्स्टेंशन जबरदस्तीने बसवायची नोंद दिसली आणि ते तुमचं नसेल तर मालवेअरच समजा. अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर आणि मालवेअरबाइट्स बहुतेकदा या नोंदी काढतात. नाही निघाल्या तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदी) जावं लागतं, आणि ते कधी केलं नसेल तर माहितगाराला बसवून करा.

१९. सगळं साफ झालं पण आता नेटच चालत नाही.

मालवेअरने नेटचा रस्ता स्वतःमधून नेला होता, ते गेलं आणि रस्ता तुटला. नेटवर्क सेटिंगमध्ये प्रॉक्सी (नेट ज्याच्यामार्फत जातं तो मधला) बघा, मॅन्युअल प्रॉक्सी ऑन असेल तर बंद करा. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) ऑटोमॅटिक करा. तरीही नाही तर तिथेच खाली नेटवर्क रीसेट आहे. फोनवर पण त्याच वायफायला भलत्या साइट उघडत असतील तर राउटरचं डीएनएस बदललेलं असू शकतं, राउटर रीसेट करून त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला.

२०. चांगली फाइल व्हायरस म्हणून पकडली, कसं ठरवायचं?

व्हायरसटोटलवर टाका, साठ-सत्तर इंजिनं एकदम तपासतात. एक-दोघांनीच पकडलं तर बहुतेक चुकीचा इशारा, वीस जणांनी पकडलं तर नाही. शून्य आलं म्हणजे सुरक्षित असं मात्र नसतं, नवीन मालवेअर पहिले काही तास कोणालाच माहीत नसतं. आणि तिथे टाकलेली फाइल इतर संशोधकांना मिळू शकते, म्हणून पॅनकार्ड, पेमेंट स्लिप असलं काही चढवू नका.

२१. "बिल" नावाची पीडीएफ आली होती, उघडली तर काहीच झालं नाही. पीडीएफने व्हायरस येतो का?

ती पीडीएफ नव्हती बहुधा. विंडोज फायलीचं शेवटचं आडनाव लपवतं, त्यामुळे पीडीएफचा आयकॉन लावलेला प्रोग्रॅम पीडीएफच वाटतो. व्ह्यू, शो, फाइल नेम एक्स्टेंशन्स हे आजच चालू करा. शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, एलएनके दिसलं की हात लावायचा नाही. "उघडलं पण काहीच झालं नाही" हे लक्षण वाईट आहे, प्रश्न ५.

२२. मुलं काहीही डाउनलोड करतात, आईबाबा काहीही क्लिक करतात. काय करून ठेवू?

त्यांना स्टँडर्ड अकाउंट द्या, अ‍ॅडमिनचं वेगळं ठेवा आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. काही टाकायचं तर पासवर्ड मागेल आणि तुम्हाला फोन येईल, कटकट आहे पण वाचवते. नोटिफिकेशन बंद, ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन, क्रोमवर त्याचं लाइट व्हर्जन मिळतं. स्टीलरला अ‍ॅडमिन लागत नाही हेही माहीत असू द्या, म्हणून प्रश्न ९ आणि १० त्यांना वाचून दाखवा.

२३. मॅक घेतला की सुटका ना?

कमी त्रास आहे, सुटका नाही. मॅकसाठीही २०२३ पासून अ‍ॅटॉमिक नावाचा स्टीलर फिरतोय, येतो तो क्रॅक आणि खोट्या जाहिरातींमधूनच.

२४. घरातलंच कोणीतरी माझ्या लॅपटॉपवर लक्ष ठेवतंय असं वाटतं. स्पायवेअर काढून टाकू का?

थांबा थोडं. ज्याने बसवलं त्याला ते काढल्याचं लगेच कळतं, आणि घरातलं वातावरण धोक्याचं असेल तर ते तुमच्यावर उलटू शकतं. शिवाय काढलं की पुरावा पण गेला. त्या लॅपटॉपवर याबद्दल काही शोधू नका, कोणाशी बोलायचं ते दुसऱ्या फोनवरून बोला, स्क्रीनचे फोटो काढून विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये असलं काही बसवणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, नवरा-बायको असले तरी. जिल्ह्याच्या किंवा शहराच्या सायबर पोलिस ठाण्यात तक्रार करता येते, महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर गोष्ट वेगळी, कंपनीने त्यावर मॉनिटरिंग टाकलेलं असतं आणि बहुतेकदा जॉइन होताना सही केलेल्या कागदांत ते लिहिलेलं पण असतं. ते काढायला जाऊ नका, खासगी कामं त्यावर करू नका.